पायातील काटा

साक्री तालुक्यात ज्याने उन्हाळ्यात मैलभर तरी पायी प्रवास केला आहे, त्यास बाभळीच्या काट्याची ओळख करून द्यावयास नको. पांझरेच्या काठाने जा अथवा कान नदीच्या कोरड्या पात्रातून जा, वहाणेचा तळ भेदून तो आत शिरावयाचाच. तरुण मनुष्य बांधावर बसतो, दात आवळून काटा उपटतो, थोडी थुंकी लावतो व चालू लागतो. दुसऱ्या दिवशी त्यास त्याची आठवणही राहत नाही. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय तरुणाच्या पायातील काटा नव्हे. साठी-सत्तरी ओलांडलेल्या मनुष्याच्या पायात तोच काटा शिरला असता त्याने काय करावे, आणि त्याच्या भोवतालच्यांनी काय करावे, हा प्रश्न मी वाचकांपुढे ठेवू इच्छितो. त्यातच गुडघ्याची कळ, विळ्याने कापलेले बोट, उठताना येणारी भोवळ, रात्रीचा खोकला, पाठीत भरलेली उसण, अंधुक झालेली नजर ही सर्व आली असे समजावे.

मोठ्या दुखण्यांविषयी आपल्या उपासनामंदिरांतून पुष्कळ बोलले जाते. कोणी अंथरुणास खिळला म्हणजे मंडळी प्रार्थनेस जमते, पाळकसाहेब येतात, वर्गणीही निघते. लहान दुखण्यांविषयी मात्र कोणी बोलत नाही, कारण ती बोलण्याजोगी वाटत नाहीत. तथापि म्हातारपणाचे बहुतेक दिवस मोठ्या दुखण्यात नव्हे, तर ह्या लहान दुखण्यांतच जातात. मग त्या दिवसांविषयी प्रभूच्या वचनात आपल्यासाठी काहीच नसावे काय?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. आमच्या मंडळीत एक वृद्ध बंधू आहेत. त्यांचे नाव सांगण्याची गरज नाही. येथे त्यांस बाबा म्हणू. दिवाळीनंतर मुलगा व सून मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस गुजरातेत गेली आणि बाबा नातवास घेऊन घरी राहिले. माघ महिन्यात बकऱ्या चारताना त्यांच्या पायात काटा मोडला. त्यांनी वरचा तुकडा उपटला, आतला आतच राहिला. त्यावर चुना व गूळ लावून त्यांनी चिंधी बांधली. पुढल्या रविवारी ते लंगडत उपासनेस आले. मी विचारले, बाबा, पायास काय झाले? ते हसून म्हणाले, "काही नही, काटाच शे." माझे समाधान झाले व मी स्तोत्रपुस्तक वाटावयास लागलो. नंतरच्या रविवारी ते पुन्हा लंगडत होते. मी पुन्हा विचारले नाही. तिसऱ्या रविवारी ते आलेच नाहीत. त्या वेळी बाजाराचा दिवस असल्याने इतर दोन-चार घरेही आली नव्हती, म्हणून माझ्या ध्यानात आले नाही. हे मी लिहितो ते स्वतःस दोष देण्याचा देखावा करावा म्हणून नव्हे, तर असेच घडत असते म्हणून.

मुलगा रोज रात्री मोबाइलवर विचारी, "बाबा, बरे आहात ना?" बाबा म्हणत, "मी बरा आहे, तुम्ही सांभाळून राहा." अखेरीस शेजारच्या बाईस घरात दुर्गंधी आली, तेव्हा चिंधी सोडून पाहिली गेली. अंगठा काळा पडला होता. धुळ्यास नेल्यावर प्रथमच कळले की त्यांस मधुमेह आहे, आणि तो बहुधा पुष्कळ वर्षांपासून असावा. पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

आता विचार करण्याजोगी गोष्ट ही की, बाबांस त्या काट्याची वेदना फारशी होतच नव्हती. पाय जड वाटे, चालता येत नसे, परंतु ठणका असा नव्हता. ज्यास मधुमेह बराच काळ आहे त्याच्या पायांच्या नसा हळूहळू बधिर होतात, पायाकडे रक्तही कमी जाऊ लागते, आणि जखम भरून येण्याची शक्ती घटते. म्हणजे जेथे धोका अधिक, तेथेच वेदना कमी. आपले लोक म्हणतात, दुखत नाही तर काय भय आहे? म्हाताऱ्या पायाच्या बाबतीत हे म्हणणे उलटे आहे. जो काटा दुखत नाही त्यासच अधिक भ्यावे.

ह्या ठिकाणी मला डॉक्टर पॉल ब्रँड ह्यांची आठवण होते. हे गृहस्थ १९१४ साली दक्षिण हिंदुस्थानातील कोल्ली डोंगरात एका मिशनरी कुटुंबात जन्मले, आणि १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी महारोग्यांच्या हातापायांवर शस्त्रक्रिया केल्या. त्या काळापर्यंत बहुतेकांची समजूत अशी होती की महारोगाने बोटे आपोआप सडून गळतात. ब्रँड ह्यांनी बारकाईने पाहिले तेव्हा त्यांस आढळले की रोगाने नसा बधिर होतात, आणि मग रोगी तापलेले भांडे धरतो, खिळ्यावर पाय देतो, जखमेवरच चालतो. कित्येकांची बोटे रात्री उंदीर कुरतडीत, तरी त्यांस जाग येत नसे. म्हणून त्यांनी रोग्यांस घरी जाताना मांजरे दिली. बोटे घालविणारा मुख्य शत्रू वेदनेचा अभाव होता. स्वतः ब्रँड ह्यांस एका रात्री असे वाटले की आपल्याही टाचेस संवेदना राहिली नाही. सुई टोचली तरी कळेना. ती रात्र त्यांनी मोठ्या भयात काढली. सकाळी पुन्हा सुई टोचली तो वेदनेने ओरडले, आणि देवाचे आभार मानले. वेदनेविषयी आभार मानणारा मनुष्य आपल्यापैकी किती जणांनी पाहिला आहे?

ह्यावरून असे दिसते की वेदना ही निरोप आणणाऱ्या कोतवालासारखी आहे. कोतवाल दारी आला म्हणजे कोणास आवडत नाही. परंतु त्यास हाकून दिले म्हणून त्याने आणलेली बातमी खोटी ठरत नाही. आणि म्हातारपणी हा कोतवाल स्वतःच म्हातारा होतो, हळू चालतो, कधी वाटेतच बसून राहतो. म्हणून त्याची वाट न पाहता आपणच चावडीवर जाऊन चौकशी करावी लागते. पाय रोज पाहावे, ते असे.

बाबांनी ते का लपविले, हा खरा प्रश्न आहे. दवाखान्यात असताना मी त्यांस विचारले. त्यांनी सांगितले की मुलाने मुकादमाची उचल घेतली होती. तो काम टाकून आला असता तर उचल फिटली नसती व पुढल्या वर्षी दुप्पट बोजा झाला असता. म्हणजे लपविण्याच्या मुळाशी प्रेम होते. पुष्कळ उपदेशक येथे घाईने म्हणतील की त्यांनी लबाडी केली, मुलाशी खोटे बोलले. मला तसे म्हणवत नाही. ज्या बापाने आयुष्यभर पोटास चिमटा घेऊन मुलास वाढविले, त्याच्या तोंडी "मी बरा आहे" हे शब्द येणे म्हणजे श्वास येण्यासारखेच आहे. तरी त्या प्रेमात काही तरी चुकले होते, ह्यात संशय नाही. काय चुकले?

कोणी म्हणेल, हिशेब चुकला. हे खरेच आहे. त्याच आठवड्यात उपकेंद्रात जाऊन काटा काढून घेतला असता, साबणाने व स्वच्छ पाण्याने जखम धुतली असती, धनुर्वाताची सुई घेतली असती, तर खर्च जवळजवळ काहीच नव्हता. आणि लपविल्यामुळे मुलास काम टाकून यावे लागलेच, शिवाय बकऱ्या विकाव्या लागल्या. परंतु केवळ हिशेब हाच प्रश्न असता तर तो गावच्या आशाताईंनी समजावून सांगितला असता, आपल्या पत्राची त्यास गरज नव्हती.

मला वाटते, बाबांच्या मनात आणखी एक गोष्ट होती, जी त्यांनी सांगितली नाही व जी मला माझ्या स्वतःच्या मनात सापडते, म्हणून मी ओळखतो. ती ही की, ज्याने दुसऱ्यांचे केले त्यास दुसऱ्याकडून करून घेणे लाजिरवाणे वाटते. पेत्राचेही असेच झाले. प्रभू कमरेस रुमाल बांधून त्याचे पाय धुवावयास खाली बसला, तेव्हा पेत्राने पाय मागे घेतले. बाहेरून पाहिले तर ती नम्रता दिसते. परंतु प्रभूने ती नम्रता म्हणून स्वीकारली नाही. आपल्याकडून पाय धुवून घेतले नाहीत तर तुझा माझ्याशी वाटा राहणार नाही, अशा अर्थाचे कठीण उत्तर त्याने दिले. सेवा करणे सोपे आहे, कारण त्यात आपण उंच असतो. सेवा घेणे कठीण आहे. आपण आपल्या मुलांस मातापित्यांचा मान राखण्याची आज्ञा पाठ करवितो, आणि मग म्हातारपणी दुखणे लपवून ती आज्ञा पाळण्याची संधीच त्यांच्यापासून काढून घेतो. बाबांचा मुलगा धुळ्यास खाटेजवळ बसून रडत होता तो पायासाठी तर होताच. परंतु तो वारंवार एवढेच म्हणे की, बाबांनी मला एकदा सांगावयाचे होते.

तर मग उघड बोलावे, परंतु किती? ह्या प्रश्नाची दुसरी बाजूही आपल्या खेड्यांत कमी नाही. कित्येक घरांत आजीबाई सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत एकच गुडघा सांगत असतात. सून भाकरी थापीत असता ऐकते, पाणी आणताना ऐकते, आणि शेवटी तिचे कान बधिर होतात, अगदी महारोग्याच्या पायासारखे. मग खरोखर काही बिघडले तरी तिच्या कानावर ते पडत नाही. अशा वृद्धेस कुरकुरी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मी अशा एका आजींकडे बराच वेळ बसलो. पहिला अर्धा तास गुडघा झाला. नंतर हळूहळू गुडघा मागे पडला, आणि वारलेल्या धाकट्या मुलाची गोष्ट निघाली. गुडघा खराच दुखत होता, परंतु गुडघ्याविषयी बोलले तरच कोणी तरी जवळ थांबते, हे त्या शिकल्या होत्या. अशा दुखण्यास मलमापेक्षा पाट टाकून बसणारा मनुष्य अधिक लागतो. आणि असा मनुष्य मिळाला तर ती कुरकुर पुष्कळशी आपोआप कमी होते, हा माझा अनुभव आहे.

त्या आजी दर पंधरवड्यास बाजारच्या गावी एका इसमाकडे जाऊन सुई घेत असत. त्या इसमाजवळ पदवी नव्हती, परंतु त्याची सुई व तांबड्या-पांढऱ्या गोळ्या घेतल्या म्हणजे चार दिवस गुडघा फुलासारखा हलका होई. आपल्या लोकांची सुईवर व सलाईनवर फार श्रद्धा. वाचकहो, ज्या गोळ्यांनी सांधेदुखी एका रात्रीत पळते व भूकही लागते, त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड नावाचे औषध असते. योग्य वैद्याने योग्य रोगास ते दिले तर ते जीव वाचविते. परंतु महिनोन् महिने बेहिशेब घेतले तर चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, आणि जखमा भरत नाहीत. साध्या वेदनाशामक गोळ्याही रोज घेतल्यास म्हाताऱ्या मनुष्याच्या पोटास व मूत्रपिंडास अपाय करितात. म्हणजे जो कोतवालास दारातच गप्प करितो, त्याच्या घरात चोर निवांत फिरतो. गुडघ्यास खरा आधार काठीचा, हलक्या व्यायामाचा, उकिडवे बसणे टाळण्याचा व अंगाचे वजन कमी करण्याचा. परंतु हातात काठी घेणे म्हणजे म्हातारपण मान्य करणे. आणि सुई घेणे म्हणजे तारुण्य परत आणल्यासारखे वाटते. येथेही मूळ औषधात नसून मनात आहे.

आता विश्वासाच्या गोष्टीकडे येतो, कारण ह्या बाबतीत आपल्या मंडळ्यांत पुष्कळ गोंधळ माजला आहे. कित्येक सांगतात की दवाखान्यात जाणे म्हणजे प्रभूवर अविश्वास दाखविणे, आणि त्यासाठी ते आसा राजाचे उदाहरण देतात, ज्यास उतारवयात पायाचा रोग जडला व ज्याने परमेश्वराकडे न जाता वैद्यांकडे धाव घेतली. परंतु इतिहासाचे दुसरे पुस्तक नीट वाचावे. तेथे आसाचा दोष वैद्यांकडे गेला हा नव्हे, परमेश्वराकडे गेला नाही हा आहे. त्याआधीही तो देवास सोडून अरामाच्या राजाकडे मदतीस गेला होता व संदेष्ट्याने त्यास ठपका दिला तेव्हा त्याने संदेष्ट्यासच तुरुंगात घातले होते. हिज्कीयाच्या गळवावर यशयाने अंजिराचा लेप लावावयास सांगितला. तो स्वतः संदेष्टा असून, देवाचे आश्वासन मुखात असूनही, लेप सांगितला. लूक वैद्य होता व पौल त्यास प्रिय म्हणतो. तीमथ्याच्या पोटाच्या वारंवारच्या तक्रारीविषयी पौलाने पत्रात सल्ला लिहिला. ज्याच्या हातून रोगी बरे झाले त्या पौलाने आपल्या लाडक्या शिष्यास केवळ प्रार्थना कर असे लिहिले नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमांस तेल व द्राक्षारस लावून पट्टी बांधली आणि पुढील खर्चाची तजवीजही केली.

आमच्याकडील एका बहिणीने एका मोठ्या सभेत साक्ष दिली की तिचा रक्तदाब प्रभूने बरा केला. लोकांनी हालेलूया म्हटले. महिन्याभराने तिला पुन्हा डोकेदुखी व भोवळ येऊ लागली; परंतु आता गोळी कशी घ्यावी? गोळी घेताना कोणी पाहिले तर साक्ष खोटी पडेल. ती न घेता तशीच राहिली, आणि एके पहाटे तिच्या अंगाची उजवी बाजू लुळी पडली. ह्यात दोष कोणाचा, हे मी ठरवीत नाही. परंतु एक गोष्ट मंडळीने विचारात घ्यावी. बरे झालेल्यांस आपण व्यासपीठावर उभे करितो. बरे न झालेल्यांस केव्हा उभे केले? पौलाने तर आपल्या देहातील काट्याविषयी करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात उघडपणे साक्ष दिली, की मी तीनदा विनंती केली व काटा निघाला नाही. हा काटा काय होता, डोळ्यांचे दुखणे की आणखी काही, ह्याविषयी विद्वानांचे एकमत नाही, आणि ते नसणे मला बरे वाटते. कारण त्यामुळे प्रत्येक म्हाताऱ्यास आपला गुडघा त्या जागी ठेवता येतो. रक्तदाब व मधुमेह ही बहुधा आयुष्यभराची सोबत आहे. रोजची गोळी रोजच्या भाकरीप्रमाणे घ्यावी लागते, आणि भाकरीसाठी आपण जे आभार मानतो तेच तिच्यासाठी मानता येतात.

तर काही काटे काढावयाचे असतात व काही सोबत घेऊन चालावयाचे असतात. कोणता कोणता, हे ओळखण्यास मनुष्य एकटा बहुधा असमर्थ असतो. आणि म्हणूनच बोलले पाहिजे. बाबांनी काढता येणारा काटा पौलाचा काटा समजून सोसला. दुसरीकडे कित्येक जण पौलाच्या काट्यास काढता येणारा समजून शेत विकेपर्यंत वैद्य व भगत पालथे घालतात, पोटावर डाग देववितात, आणि हाती काहीच लागत नाही.

सोबत घेऊन चालण्याविषयी आपल्या महाराष्ट्रातच मोठे उदाहरण आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूने. परंतु त्यांची श्रवणशक्ती कमी होत चालल्याने तो मार्ग त्यांस बंद झाला. बहिरेपणा पुढे वाढतच गेला. केडगावी मुक्तिसदनात शेकडो मुली व विधवा वागविताना कान नसणे म्हणजे काय, ह्याची कल्पना करावी. त्यांनी कानाविषयी शोक करीत बसण्यापेक्षा डोळे व हात वापरले. इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर हाती घेतले आणि आयुष्याच्या अगदी अखेरच्या दिवसांत, एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ साली वारल्यानंतरही, ते तडीस नेले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. मी असे म्हणत नाही की बहिरेपणामुळे भाषांतर झाले. दुःखाचा असा सरळ हिशेब मांडणे मला नेहमी उथळ वाटते. एवढेच की एक दार बंद झाले असता त्या त्याच दारावर डोके आपटीत राहिल्या नाहीत.

वर सांगितलेल्या डॉक्टर ब्रँड ह्यांची आई एव्हलिन हीही अशीच. पती १९२९ साली काळ्या मुतखड्याच्या नव्हे, तर रक्तमूत्राच्या तापाने वारले. पुढे मिशनातून निवृत्त व्हावयाचे वय झाल्यावर ती घरी स्वदेशी न जाता पुन्हा डोंगरात गेली. पडून हाड मोडले, तेव्हा दोन बांबूच्या काठ्यांच्या आधाराने चालू लागली, व टट्टावर बसून पाड्यांपाड्यांतून फिरे. १९७४ साली ती ९५ वर्षांची होऊन वारली. परंतु ही उदाहरणे सांगताना मला थोडी भीतीही वाटते. आपल्या पाड्यावरील थकलेल्या भगिनीने, जिने आयुष्यभर डोक्यावर मोळ्या वाहिल्या, तिने टट्टावर बसलेच पाहिजे असे नाही. तिने आता उन्हात बसून लसूण सोलला तरी पुष्कळ आहे.

ह्या बाबतीत मला सर्वांत अधिक आवडतो तो गिलादातील बर्जिल्लय. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील ही गोष्ट उपदेशात क्वचितच येते. दावीद राजा संकटातून परत येत असता ज्या म्हाताऱ्याने त्यास अन्न पुरविले होते त्यास तो म्हणतो, माझ्याबरोबर यरुशलेमास चल. बर्जिल्लय ८० वर्षांचा आहे. तो आपली स्थिती राजास स्पष्ट सांगतो: जिभेस चव राहिली नाही, गाणाऱ्यांचा आवाज कानात शिरत नाही, मग राजास भार कशाला व्हावे? "भार" हा शब्द त्याच्याही तोंडी आहे. परंतु पाहा, तो काही लपवीत नाही आणि रडगाणेही गात नाही. काय होते व काय होत नाही हे मोजून सांगतो, आपल्या जागी किम्हामास पुढे करितो, आणि यार्देनेपलीकडे थोडे अंतर राजाबरोबर चालतोही. जेवढे चालवते तेवढे. मग राजा त्याचे चुंबन घेतो व तो आपल्या गावी परततो. मान कोठेच कमी झाला नाही, ना राजाचा, ना म्हाताऱ्याचा.

उपदेशक बंधूंस एक विनंती आहे. घरोघर भेटीस जाता तेव्हा वृद्धांचे पाय पाहत चला. आपण ख्रिस्ती झाल्यावर वडिलांच्या पाया पडण्याची चाल पुष्कळ घरांतून सोडली. ती सोडली हे बरे की वाईट, हा वाद येथे नको. परंतु तिच्याबरोबर पायांकडे पाहणेही सुटले. पाया पडणारा सून-मुलगा निदान दिवसातून एकदा त्या टाचांच्या भेगा पाहत असे. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात मंडळीने मान द्यावयाच्या विधवेची जी लक्षणे दिली आहेत, त्यांत पवित्र जनांचे पाय धुणे हे एक आहे. कोमट पाणी, साबण, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, भेगांस तेल: ह्यास खर्च कितीसा येणार? तसेच काटा, खिळा किंवा विळा लागला तर शेण, माती अथवा तंबाखू दाबू नका. धनुर्वाताचे जंतू शेणामातीतच राहतात. चटका बसला तर थंड पाणी ओतत राहावे, वर काही फासू नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासवावी. चैत्र-वैशाखात आपल्या खानदेशात ऊन आग ओकते, आणि म्हाताऱ्यांस तहान कमी लागते; मागितले नाही म्हणून पाणी न देणे बरोबर नाही. अंथरुणावरून एकदम उठू नये, थोडे बसून मग उठावे. रात्री मोरीकडे जाण्याच्या वाटेवर घमेले, पाटा, बकरीचा दोर असे काही पडू देऊ नये; किती तरी म्हातारी माणसे आजाराने नव्हे, अशा दोराने अंथरुणास खिळतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लहानशी असते. ती टाळून वर्षानुवर्षे चाचपडत राहण्यात कोणतीही ख्रिस्ती सहनशीलता नाही. आणि तोंड एका बाजूस वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, छातीत दाबल्यासारखे झाले, तर ते लहान दुखणे नव्हे. प्रार्थना गाडीत बसूनही करता येते. १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. ही सोय आपल्या राज्यात २०१४ पासून आहे व तिला पैसे पडत नाहीत.

बाबा आता ओसरीवर बसून असतात. कुबडी भिंतीस टेकलेली असते. पहिले काही महिने ते कोणाशी बोलत नसत; पाय गेला ह्यापेक्षा, मुलाची उचल फिटली नाही ह्याचेच त्यांस अधिक वाटे. गेल्या दिवाळीनंतर मुलगा एकटाच गुजरातेत गेला व सून घरी राहिली. मी परवा संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. दिवेलागणीची वेळ होती. नातू, जो आता चौथीत आहे, मोबाइलची बत्ती लावून आला व आजोबांसमोर मांडी घालून बसला. बाबांनी उरलेला पाय पुढे केला. मुलाने एकेक बोट बाजूस करून पाहिले, तळवा पाहिला, टाच पाहिली. टाचेशी एका ठिकाणी तो थांबला.

"बाबा, आठे काही तरी शे."

बाबांनी पाय मागे घेतला नाही. सुनेस हाक मारली, आणि तिला सांगितले की उद्या उपकेंद्रात जावयाचे आहे.